शाळकरी मुलांच्या डोक्यातील गजकर्ण किती आढळते?

प्रश्न (एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर)
माझा 7 वर्षांचा मुलगा दुसरीत शिकतो आणि पहाटे तालमीतही जातो. महिन्यापूर्वी त्याच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडला आणि तेथील केस मुळाशी तुटले. कोणी चाई म्हणाले, कोणी कोंडा म्हणाले. दुकानातून आणलेले मलम 20 दिवस लावूनही चट्टा वाढतच गेला. आता त्वचारोगतज्ज्ञांनी गजकर्णाचे निदान करून गोळ्या दिल्या आहेत. ‘अस्वच्छ घरातच असे होते’, हे एका पालकांचे बोलणे मनाला फार लागले. हा आजार इतका दुर्मीळ आहे का?

उत्तर 1 (निवृत्त परिचारिका)
ताई, मुळीच नाही. डोक्यातील गजकर्ण हा बुरशीमुळे होणारा, प्रामुख्याने 3 ते 14 वर्षांच्या मुलांचाच आजार आहे, कारण वयात आल्यावर टाळूवरील तेलकट स्रावातील मेदाम्ले या बुरशीला रोखतात आणि लहान मुलांना ते संरक्षण नसते. स्वच्छ घरांतील मुलांनाही तो होतो. आपल्या देशात बहुधा ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम ही बुरशी सापडते. ती केसाच्या आत शिरत असल्याने केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके उरतात, आणि नुसते मलम तिथवर पोहोचत नाही. चाईत त्वचा गुळगुळीत राहते, येथे खवले निघतात. ग्रिसिओफल्विन हे बुरशीविरोधी औषध दिले असेल, तर ते साधारण 6 ते 8 आठवडे, दूध किंवा तुपाच्या जेवणाबरोबर घ्यावे लागते. केस उगवू लागले म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका.

उत्तर 2 (तालमीतील एक वस्ताद)
कुस्तीत अंगाला अंग आणि डोक्याला डोके घासते, त्यामुळे पैलवानांत गजकर्ण पसरते, हे आम्ही नेहमी पाहतो. डॉक्टर सांगेपर्यंत मुलाला आखाड्यात उतरवू नका आणि त्याचा टॉवेल, कंगवा वेगळा ठेवा. उपचार सुरू झाल्यावर शाळा बुडवण्याची मात्र गरज नसते.

उत्तर 3 (एक वडील, उचगाव)
आमच्या मुलीच्या डोक्यावर याच बुरशीने पुवाने भरलेली मऊ गाठ आली होती. गळू समजून ती चिरली गेली, आणि ते अनावश्यक होते हे नंतर कळले. तिला गोळ्यांचीच गरज होती. त्या जागी आजही केस नाहीत. काही मुलांच्या डोक्यात लक्षणांशिवायही बुरशी असते, म्हणून भावंडांना अवश्य तपासून घ्या. घरात मांजर किंवा कुत्रा असल्यास डॉक्टरांना तेही सांगा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. धाकटीचे केस आत्ताच विंचरून पाहिले, कानामागे खवले दिसत आहेत. उद्या तिलाही दाखवायला नेते.