नाले तुंबतात, दोष नेहमी पलीकडच्यांचाच?

धागाकर्ता, कुर्ला:
मिठी नदीचे पाणी चढू लागले की आमच्या सोसायटीतील मंडळी नाले तुंबल्याचे सगळे खापर पलीकडच्या वस्तीवर फोडून मोकळी होतात. याच सोसायटीत ओला आणि सुका कचरा एकाच डब्यात जातो, आणि 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरण सक्तीचे केल्याची आठवण करून दिली की वेळ कोणाला आहे, असे ऐकावे लागते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई केवळ वस्तीतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमुळे बुडाली नव्हती; मिठीच्या पात्रावरून विमानतळाची धावपट्टी गेली होती आणि तिच्या मुखाजवळच्या खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते. त्याच संकुलात नोकरी करणारे आम्ही वस्तीला नावे ठेवतो. आधी आपले डबे वेगळे करावेत, मग बोलावे.

प्रतिसाद, मुलुंड:
मी असहमत आहे. नाल्यात कोणी जुनी गादी टाकली असेल, तर तक्रार करणाऱ्याच्या स्वयंपाकघरात किती डबे आहेत याने ती गादी नाहीशी होत नाही. निर्दोष माणसानेच बोलायचे ठरवले तर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात एकही तक्रार जाणार नाही, आणि खऱ्या बेफिकीर माणसाचे त्यात फावेल. शिवाय संकुलातल्या कारकुनाला भराव विचारून घातलेला नाही. तो मुद्दा मला ओढूनताणून आणलेला वाटतो.

प्रतिसाद, परळ:
तक्रार करण्यास हरकत नाही, प्रश्न कारण लावण्याचा आहे. समाजमानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये दाखवून दिले की दुसऱ्याच्या वागण्याचे मूळ आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीचा वाटा कमी लेखतो. अरुंद गल्लीत कचऱ्याची गाडी शिरत नाही, ही परिस्थिती झाली. पण वस्तीबद्दल बोलताना आपण 'त्यांना सवयच नाही' असे म्हणतो. स्वतःच्या डब्याबाबत मात्र आपल्याला 'वेळ नाही' ही परिस्थिती लगेच आठवते.

धागाकर्ता:
नेमके हेच मला म्हणायचे होते. 'मग बोलावे' हे शब्द कदाचित कठोर झाले असतील, पण सोसायटीच्या सभेत ठराव वस्तीविरुद्ध होतो आणि वर्गीकरणाचा विषय वर्षानुवर्षे 'पुढील सभेत' ढकलला जातो, हे कसे मान्य करावे?

प्रतिसाद, मुलुंड:
मान्य करू नका. वस्तीतल्या गादीची तक्रार वॉर्ड कार्यालयात द्या आणि त्याच अर्जात आपल्या सोसायटीच्या एकत्र कचऱ्याचीही नोंद करा. सचिवांनी त्यावर सही केली नाही, तर ठराव कशासाठी होता ते सर्वांना कळेल.