फुटबॉल संघ निवडताना स्वभावचाचणी घ्यावी का? (पुणे, १६ वर्षांखालील मुलं)

कर्वेनगरचा_कोच: नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या मुलांना मी संध्याकाळी शिकवतो. पावसाळा संपला की स्थानिक लीगसाठी संघ काढायचाय. एका मुलाचे वडील एचआरमध्ये आहेत. त्यांचा आग्रह आहे की सगळ्यांची एमबीटीआय ही स्वभावचाचणी घ्यायची आणि कॅप्टन कोण, स्टॉपर (मधला बचावपटू) कोण ते त्यावरून ठरवायचं. फुकट करून देतायत, पण मन धजत नाही. याहून चांगली चाचणी आहे का? शिवाय माझे दोन फॉरवर्ड एकमेकांशी बोलत नाहीत. एकाला बसवू का?

मनोमनी: एमबीटीआय नकोच. ती माणसाला सोळा खणांपैकी एकात टाकते, आणि काही आठवड्यांनी परत घेतली की बऱ्याच जणांचा खण बदलतो. संशोधनात वापरतात ते 'बिग फाइव्ह': बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता, नव्याची ओढ. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये नोकरीतल्या कामगिरीवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. कर्तव्यदक्षतेचा संबंध सगळ्या प्रकारच्या कामांत दिसला, पण माफकच. तेवढ्यावर अकरा जण निवडता येत नाहीत. त्यात पंधराव्या वर्षी स्वभाव अजून घडत असतो. आणि संघात यायचंय म्हटल्यावर 'मी पटकन चिडतो' यापुढे कुठला मुलगा 'हो' लिहील?

खडकीचा_गोली: ताई बरोबर बोलल्या. चाचणी मैदानावरच घ्या की! छोटी मॅच लावा, एका बाजूला मुद्दाम एक जण कमी ठेवा, मध्येच ऑफसाइड नसताना शिट्टी मारा. मग बॉल सोडून पोरांकडे बघा. गोल खाल्ल्यावर जाळीतला बॉल उचलून सेंटरला कोण आणतो? गोलीवर कोण खेकसतो? पास चुकल्यावर पुन्हा बॉल मागतो, की डिफेंडरच्या मागे लपतो? एका संध्याकाळवरून निकाल लावू नका, दहावीचा क्लास करून आलेलं पोरगं रोज सारखं नसतं. अबोल पोराला लगेच बादही करू नका. मागून 'मॅन!' (म्हणजे समोरचा अंगावर येतोय) ओरडणं ही सवय आहे, लावली की लागते. मीही सुरुवातीला तोंड उघडत नसे.

सदाशिव_पेठी: फुकट आहे म्हणून चाचणी घ्यायची, हे आमच्या पेठेतही कोणी करणार नाही.
फॉरवर्डांचं म्हणाल तर अँडी कोल आणि टेडी शेरिंगहॅम मँचेस्टर युनायटेडमध्ये असताना एकमेकांशी बोलत नसत, हे कोलने स्वतःच पुढे लिहिलंय. तरी १९९९ मध्ये संघाने तिन्ही मोठी जेतेपदं मिळवली. चॅम्पियन्स लीगच्या फायनलला कोल सुरुवातीपासून होता, शेरिंगहॅम बदली म्हणून आला आणि बरोबरीचा गोल मारून गेला.

मनोमनी: छान उदाहरण. फक्त ते व्यावसायिक खेळाडू होते हे विसरू नका. संघाची एकजूट दोन प्रकारची धरतात, कामापुरती आणि मैत्रीची. तुमचे दोघं मोकळा दिसला की एकमेकांना पास देतात का, तेवढं बघा. देत असतील तर दोघांनाही खेळवा. देत नसतील तर आधी त्यावर बोला, दोस्ती करायला लावू नका. आणि जिंकायला लागलं की एकजूट वाढते, हेही अभ्यासांत दिसतं.

कर्वेनगरचा_कोच: पटलं. आता त्या वडिलांना काय सांगू?

खडकीचा_गोली: सरावाला बोलवा, हातात वही द्या. वर लिहिलेल्या गोष्टींची नोंद करू देत. फक्त स्वतःच्या पोराचं पान दुसऱ्याकडे.

मनोमनी: आणि ती वही पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही, हे आधीच कबूल करून घ्या.