जावयाच्या घराण्याची मुळं: व्हर्जिनियातल्या तंबाखू मळेवाल्याची वंशावळ कशी शोधायची?

गोदाकाठची_आजी:

नमस्कार मंडळी. पंचवटीतून लिहितेय. जरा लांबलचक आहे, पण वेळ काढून वाचा.

माझी धाकटी लेक अमेरिकेत असते. जावई तिथलाच, व्हर्जिनियाचा. यांच्या वर्षश्राद्धाला दोघं नातवाला घेऊन आले होते. तेव्हा रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. गुरुजींनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आतून लाल फडक्यात बांधलेली लांबुळकी वही आणली आणि दहा मिनिटांत आमचं पान काढून दिलं. वरच्या नोंदी मोडीत, खालच्या बाळबोधीत. आजेसासरे, सासरे, आणि मग यांची 1991 सालची सही. निळी शाई, शेवटच्या अक्षराची शेपटी नेहमीसारखी पार कडेपर्यंत ओढलेली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. जावई त्या सहीला हात न लावता वरून नुसतं बोट फिरवत होता. गुरुजींनी नातवाचं नाव लिहून घेतलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "आई, माझ्याकडची अशी वही कुठे असेल?"

मी म्हटलं, शोधू. शब्द दिलाय, आता पाळायचाय.

हाताशी आहे ते सांगते. त्यांच्या घरी एक जुनं बायबल आहे, त्यात 1847 पासूनचे जन्म-मृत्यू लिहिलेत. त्याची आजी सांगायची की मूळ पुरुष 1660 च्या आसपास इंग्लंडहून आला, रॅपाहॅनॉक नदीकाठी त्याला जमीन मिळाली, तंबाखूचा मोठा मळा होता, घराणं सरदारांचं. दिवाणखान्यात ढाल-सिंहाचं राजचिन्हही चौकटीत लावलंय. इंटरनेटवर त्याच्या घराण्याच्या दोन वंशावळी सापडल्या. दोन्हींत त्या मूळ पुरुषाचा बाप वेगवेगळा! कुणाचं खरं मानू? आणि 1847 च्या मागे कसं जायचं?

सिन्नरकर_निवृत्त:

ताई, मी 31 वर्षं भूमी अभिलेखात काढली. अमेरिकेचं मला काही कळत नाही, पण कागदाची चाल सगळीकडे सारखी असते. मूळ पुरुषापासून सुरुवात करू नका. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार काढायचा, त्या फेरफारावरून त्याच्या आधीचा, असं एकेक पायरी मागे जायचं. 1660 चा माणूस आधी धरून त्याच्याखाली पोरं जोडत आलात तर त्या आडनावाचा कुणीही येऊन चिकटतो. खोट्या वारसनोंदी अशाच होतात, डोळ्यांनी पाहिल्यात.

दुसरं, हद्दी बघा. आपला नाशिक जिल्हा 1869 चा. त्याच्या आधीचं काही हवं असेल तर नगर आणि खानदेशच्या दप्तरात जावं लागतं. तिकडेही जिल्हे फुटलेच असणार.

मेरीलँडवासी:

आजी, काकांनी लाखातलं सांगितलं. मी गेली बारा वर्षं इथे शनिवार-रविवार हाच उद्योग करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हद्दीपासूनच सुरू करू, कारण रॅपाहॅनॉक नावातच मोठा खड्डा आहे. आज त्या नावाची जी काउंटी (इथला जिल्हा) आहे ती 1833 ची. जुनी रॅपाहॅनॉक काउंटी वेगळी, ती 1656 मध्ये झाली आणि 1692 मध्ये मोडून तिच्या एसेक्स आणि रिचमंड अशा दोन काउंट्या झाल्या. ही रिचमंड काउंटी म्हणजे रिचमंड शहर नव्हे. तुम्हाला 1660 ते 1692 हवं असेल तर जुन्या रॅपाहॅनॉकची दप्तरं बघायची. एवढ्या एका गोष्टीत लोकांची वर्षं वाया गेलीत.

आता 1847 च्या मागे. इथली खानेसुमारी 1790 पासून दर दहा वर्षांनी होते, पण 1840 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी घरातली माणसं नुसत्या आकड्यांत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव 1850 पासून येतं. व्हर्जिनियाची 1790 ची पानं तर उरलीच नाहीत, म्हणून 1782 पासूनच्या करयाद्या वापरतात. सरकारी जन्ममृत्यू नोंद 1853 ला सुरू होते आणि 1896 ते 1912 मध्ये पुन्हा खंड पडतो. तेव्हा सगळी मदार काउंटी कोर्टाच्या कागदांवर: मृत्युपत्रं, खरेदीखतं, मयताच्या मालमत्तेच्या याद्या. यादवी युद्धात बऱ्याच काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंड शहरात पाठवली आणि एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या फौजेने शहर सोडताना लागलेल्या आगीत तीच जळाली. तुमचं नशीब चांगलं असेल तर नदीकाठच्या ज्यांनी दप्तर घरीच ठेवलं त्यांच्यात तुमची काउंटी निघेल. लँकेस्टर काउंटीचे कागद 1652 पासून सलग आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट खातं काढा, जुन्या दप्तरांचे बरेच फोटो घरबसल्या दिसतात. आणि चर्चच्या नोंदी विसरू नका. मिडलसेक्स काउंटीतल्या क्राइस्ट चर्चची वही 1653 पासूनची टिकलीय. तीही त्याच नदीकाठची.

एक धोक्याची सूचना. त्या काळी जो कुणी एका माणसाचं इंग्लंडहून येण्याचं भाडं भरेल त्याला डोई 50 एकर जमीन मिळायची. जमिनीच्या सनदेत त्या आणलेल्या माणसांची नावं असतात. लोक ती घरची माणसं समजून वंशावळीत घालतात. ते बहुतेक करारावर राबायला आणलेले गडी. शिवाय हे हक्क विकलेही जायचे, त्यामुळे सनदेची तारीख म्हणजे येण्याची तारीख नाही. तुमच्या दोन वंशावळींतली एखादी अशाच पानावर उभी असेल.

राजचिन्हाचं स्पष्टच सांगतो: ते एका माणसाला आणि त्याच्या सिद्ध झालेल्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. चौकटीतलं चित्र पुरावा म्हणून धरू नका. शंभर वर्षांपूर्वी गुस्ताव आँजू नावाचा गृहस्थ श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून द्यायचा. त्याने घुसडलेले पूर्वज आजही इंटरनेटवर फिरतायत.

आणि कोर्टाच्या कागदांत काय मिळतं याचं उदाहरण म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांचीच गोष्ट सांगतो. तेही व्हर्जिनियाचे मळेवाले. 1791 मध्ये लंडनच्या राजचिन्ह कार्यालयाचे प्रमुख आयझॅक हर्ड यांनी त्यांच्याकडे घराण्याची माहिती मागवली. वॉशिंग्टननी दुसऱ्या वर्षी कळवलं की घरची वडीलधारी मंडळी सांगतात, मूळ पुरुष उत्तर इंग्लंडातून आला. व्हर्जिनियात आलेले मूळ पुरुष म्हणजे जॉन आणि लॉरेन्स हे दोन भाऊ. हर्ड यांनी त्याच नावांचे दोन भाऊ इंग्लंडमधल्या एका घराण्यात शोधले आणि तेच हे असं ठरवून टाकलं. सत्तरेक वर्षं सगळ्यांनी ते मानलं. 1866 मध्ये जोसेफ चेस्टर यांनी दाखवलं की त्यांतला जॉन 'सर' झालेला आणि लॉरेन्स धर्मगुरू, म्हणजे व्हर्जिनियात आलेले हे नव्हेत. मग खरे कोण? हेन्री वॉटर्स नावाच्या संशोधकाने इंग्लंडमधली वारसाची दप्तरं चाळली आणि 1889 मध्ये उत्तर छापलं. ट्रिंग नावाच्या गावची अँफिलिस वॉशिंग्टन ही विधवा वारली, तिच्या मालमत्तेची व्यवस्था थोरला मुलगा जॉन याच्याकडे दिली, अशी 1656 च्या फेब्रुवारीची नोंद होती. ही विधवा त्याच धर्मगुरू लॉरेन्सची बायको. हर्ड यांनी बापालाच मुलगा समजून जोडलं होतं! आणि गाव लंडनच्या जवळचं, उत्तरेचं मुळीच नाही. विचार करा, देशाच्या अध्यक्षाचा गुंता एका बाईच्या चार ओळींच्या नोंदीने सुटला. बायकांचे कागद आधी बघत जा, आजी. नवऱ्याने सोडलेलं, आईने सोडलेलं, बहिणीने भावाला दिलेलं. तिथे नाती नावानिशी येतात.

सिन्नरकर_निवृत्त:

वा. एक शंका. ती 1656 ची नोंद त्यांच्या कागदावर 1655 अशी असेल का? कुठेतरी वाचलं होतं की त्यांचं साल मार्चमध्ये बदलायचं.

मेरीलँडवासी:

हो काका, कागदावर 1655 च. इंग्रजांचं वर्ष 1752 पर्यंत 25 मार्चला लागायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची नोंद आजच्या हिशेबाने पुढच्या वर्षात धरायची. हे विसरलं की लग्नाआधी मूल जन्मलेलं दिसतं.

सिन्नरकर_निवृत्त:

आपल्या जुन्या मोडी कागदांतल्या सुहूर सनासारखंच. तो मृगाला बदलतो. मोडी वाचताना नव्या पोरांची तिथेच चूक होते.

शालिमार_इतिहासवाली:

आजी, तुमच्या आणि यांच्या लिहिण्यात सारखा 'मळा' शब्द येतोय. आपल्याला मळा म्हटलं की गंगापूर रोडच्या पलीकडची द्राक्षं दिसतात, घरची माणसं, दोन-चार मजूर. व्हर्जिनियाचा तंबाखूचा मळा तसा नव्हता. सुरुवातीला करारावरचे गोरे गडी होते, पण सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तो मळा आफ्रिकेतून धरून आणलेल्या आणि जन्मभर गुलाम ठेवलेल्या माणसांवर चालला. 1662 मध्ये व्हर्जिनियाने कायदाच केला की आई गुलाम तर मूल गुलाम. बाप कुणीही असो, मळेवाला स्वतः असो. 1705 च्या कायद्याने त्यांना जमिनीसारखी स्थावर मालमत्ता ठरवलं.

हे आत्ता सांगतेय कारण मयताच्या मालमत्तेच्या याद्या उघडाल तेव्हा ते समोर येणार आहे. गाई, गाद्या, पितळेची भांडी आणि त्याच रांगेत माणसं, पुढे पौंडांत किंमत. तुमच्या जावयाला आधी कल्पना द्या. एकट्याने ते पान उघडू देऊ नका.

आणि कळकळीची विनंती: ती नावं गाळू नका. 1850 आणि 1860 च्या खानेसुमारीत गुलामांची वेगळी यादी आहे, तिच्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. माणसाला नाव नाही. बहुतेकांचं नाव खानेसुमारीत पहिल्यांदा 1870 ला येतं. त्याच्या मागे जायला त्यांच्या वंशजांकडे एकच वाट उरते, मालकाच्या घरचे कागद. वॉशिंग्टन यांनी 1799 मध्ये केलेल्या यादीत त्यांच्या माउंट व्हर्नन मळ्यावरच्या 317 गुलामांची नोंद आहे. कोण कुणाची बायको, कुणाची किती मुलं हेसुद्धा. आज त्या यादीवरून लोक आपल्या पणज्या शोधतात. रॉबर्ट कार्टर तिसरे हे त्याच भागातले मोठे मळेवाले. त्यांनी 1791 मध्ये बक्षीसपत्र करून साडेचारशेहून जास्त गुलाम टप्प्याटप्प्याने मुक्त करायचं ठरवलं. बक्षीसपत्राला माणसांची नावं-वयं जोडलीत. जावयाच्या बायबलच्या कोऱ्या पानांवरही अशी नावं असू शकतात. शेवटची पानं नीट बघायला सांगा.

गोदाकाठची_आजी:

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. रोज दुपारी जेवण झालं की लॅपटॉप उघडून बसत होते. तिकडची रात्र म्हणून लेक शेवटी रागावली, आई, मला झोपू दे.

काका, तुमच्या फेरफाराच्या चालीने मागे गेले. 1847 चं बायबल, त्यात पहिलं नाव असलेल्या माणसाच्या आजोबांचं मृत्युपत्र, मग करयाद्या. आता 1780 च्या दशकापर्यंत पोचलेय आणि प्रत्येक पिढीला एक तरी कागद आहे. इंटरनेटवरच्या दोन वंशावळींतली एक तर इथेच कोसळली. एकाच नावाचे दोन चुलतभाऊ होते, त्यांनी भलताच धरला. कुठला ते बायकोच्या नावावरून कळलं, मेरीलँडवासी म्हणाले तसंच. 1660 अजून लांब आहे. राजचिन्ह जावयाने स्वतःच भिंतीवरून उतरवलं.

आणि ते पान सापडलं. मृत्युपत्राच्या पुढेच जोडलेली यादी. आधी अक्षर लागेना, एकेक शब्द लेकीला विचारत गेले. पलंग, काथ्याचे दोर, नांगर, तंबाखूची पिंपं. मग एकदम नुसती पहिली नावं सुरू झाली. आडनाव नाही, गाव नाही. एकूण चौदा. एका बाईचं नाव, त्यापुढे "आणि तिचं मूल" एवढंच, दोघांची मिळून एक किंमत. शेवटून दुसरी एक म्हातारी. तिच्यापुढे किंमतीच्या रकान्यात शून्य. त्या शून्यावर मी किती वेळ बसून राहिले कोण जाणे. माझं वय आता बहात्तर आहे.

शालिमारच्या ताई, तुमचं ऐकलं, जावयाला आधी फोन केला. पान दोघांनी मिळून वाचलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, बायबलची शेवटची पानं बघतो. दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. चिकटलेली दोन पानं लेकीने वाफेवर सोडवली, आत पेन्सिलीने नऊ जन्म लिहिलेले, 1851 ते 1862. नऊही पहिली नावं, पुढे आईचं नाव. त्यांतली दोन नावं त्या चौदांतही आहेत. नातू-पणतू असतील का, नाव पुढे चाललं असेल का, ते आता 1870 च्या खानेसुमारीत बघायचंय. आणि तिकडे कुणी त्यांचं शोधत असेल तर हे पान त्यांच्यापर्यंत कसं पोचवायचं, तेही सांगा.

इकडे मीही गुरुजींकडे पुन्हा जाऊन आले. आमच्या पानावर सगळे पुरुष. सासूबाईंचं नाव नाही, माझंही नाही. गुरुजी म्हणाले, सांगा, लिहितो. लिहून घेतलं. सासूबाईंचं माहेरचं नावही.

श्रावणात सगळे येणारेत. तेव्हा नातवासाठी एक वही करायचीय, दोन्हीकडची, त्या चौदा आणि नऊ नावांसकट. रविवार कारंजाजवळ वह्या बांधून देणारे एक होते, दुकान बंद दिसलं. नाशिकमध्ये अजून कुणी हाताने शिवून देतं का? कागद शंभर वर्षं टिकेल असा हवा.