संशोधन आकाशवाणीवर ‘प्रसारित केले’, ‘निरूपिले’ की ‘मांडले’?

प्रश्न : संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

मी येथील एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी.चे काम करते आणि माझा विषय संत्र्याच्या बहाराशी, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामाशी, संबंधित आहे. गेल्या महिन्यात एका रेडिओ केंद्राने मला माझ्या कामाविषयी दहा मिनिटे बोलण्यासाठी बोलावले. बोलणे झाले, ते लागलेही; अडचण त्यानंतर उभी राहिली. विभागाच्या वार्षिक अहवालात या कार्यक्रमाची एका ओळीत नोंद करायची होती, म्हणून मी ‘आपल्या संशोधनाचे आकाशवाणीवरून प्रसारण केले’ असे लिहिले. मार्गदर्शकांनी ‘प्रसारण’ खोडून ‘प्रसार’ केले. कागद कार्यालयातून परत आला तेव्हा ‘प्रसार’ही खोडलेला होता आणि त्याच्या डोक्यावर लाल शाईने ‘प्रबोधन’ असे लिहिलेले होते. हे तीन शब्द एकाच क्रियेची तीन नावे आहेत, की यांपैकी एकही त्या क्रियेला लागू पडत नाही, याविषयी जाणकारांनी मत द्यावे अशी विनंती आहे.

उत्तर : निवृत्त निवेदिका, धरमपेठ

माझी बरीच वर्षे स्टुडिओत गेली असल्यामुळे पहिल्या शब्दाविषयी मी ठामपणे सांगू शकते. प्रसारण ही केंद्राची क्रिया आहे, वक्त्याची नव्हे. ध्वनिमुद्रण, संपादन आणि प्रसारण अशा क्रमाने काम चालते. वक्ता पहिल्या पायरीवर हजर असतो. तिसऱ्या पायरीच्या वेळी तो बहुधा घरी जेवत असतो. आपले नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले. त्या लहरीवर काय जावे, केव्हा जावे आणि किती वेळ जावे हे केंद्र ठरवते. तेव्हा ‘अमुक यांनी संशोधनाचे प्रसारण केले’ या वाक्याचा अर्थ त्यांनी स्वतः प्रक्षेपक चालवला, असा होईल. ‘अमुक यांचे भाषण प्रसारित झाले’ हे वाक्य मात्र निर्दोष आहे.

‘प्रसार’ हा शब्द मला वेगळ्या कारणाने खटकतो. प्रसार हे कृतीचे नाव नसून तिच्या परिणामाचे नाव आहे. धर्माचा प्रसार होतो, रोगाचा होतो, शिक्षणाचा होतो, आणि त्याला वर्षे लागतात. केंद्र सरकारने १९८९ साली ‘विज्ञान प्रसार’ नावाची संस्था स्थापन केली होती, ती २०२३ मध्ये बंद झाली. संस्थेला ते नाव शोभत होते, कारण तिचे काम दीर्घ पल्ल्याचे होते. दहा मिनिटांच्या एका भाषणाने प्रसार झाला असे वक्त्याने स्वतःच लिहिणे हे थोडे घाईचे होते. नोंद कृतीची करावी, फळाची करू नये.

उत्तर : संस्कृतचे अध्यापक, महाल

व्युत्पत्तीपुरते बोलतो. ‘प्रसार’ आणि ‘प्रसारण’ हे दोन्ही शब्द ‘प्र’ उपसर्गासह ‘सृ’ धातूपासून आले आहेत. पहिल्यात स्वतः पसरणे आहे, दुसऱ्यात पसरवणे आहे. आपले ‘पसरणे’ आणि ‘पसारा’ हे त्याच घरातले. ‘प्रक्षेपण’ मात्र ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे या धातूपासून आले आहे, आणि जुन्या ग्रंथात मागाहून कोणी घुसडलेल्या श्लोकाला आपण ‘प्रक्षिप्त’ म्हणतो तेही तेथूनच. (संपादकाने भाषणात स्वतःचे वाक्य घातले, तर ते प्रक्षेपित आणि प्रक्षिप्त असे दोन्ही ठरेल, हा विनोद संस्कृतवाल्यांपुरताच समजावा.)

कार्यालयाचा ‘प्रबोधन’ हा शब्द मला सर्वांत अनुचित वाटतो. ‘बुध्’ म्हणजे जागे होणे. प्रबोधन करणारा जागा असतो आणि ऐकणारा झोपलेला असतो, असे त्या शब्दाने आधीच ठरवून टाकलेले असते. समाजसुधारकाच्या तोंडी तो शब्द शोभतो. पहाटे उठून बागेला ओलीत करणाऱ्या संत्रा बागायतदाराचे संत्र्याविषयी प्रबोधन करण्याचा आव विद्यार्थिनीने आणू नये, आणि त्यांनी तो आणलेलाही नाही. तो आव लाल शाईचा आहे.

‘आकाशवाणी’ या शब्दाविषयीही एक गोष्ट सांगतो. पुराणात देवकीची वरात जात असता कंसाला आकाशवाणी ऐकू येते. ती कोठून आली ते कळत नाही, ती चुकत नाही आणि तिला उलट प्रश्न विचारता येत नाही. संशोधकाच्या बोलण्याचे लक्षण याच्या नेमके उलटे आहे: कोण बोलतो ते कळले पाहिजे, तो चुकू शकतो हे त्याने स्वतः सांगितले पाहिजे, आणि प्रश्नाला जागा ठेवली पाहिजे. गंमत अशी की रेडिओला हे नाव मिळाले ते एका प्राध्यापकाच्या केंद्रावरून. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारे एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले, त्याचे नाव ‘आकाशवाणी’ असे होते, आणि पुढे १९५०च्या दशकात ते नाव देशभरच्या सरकारी नभोवाणीने घेतले.

उत्तर : धान उत्पादक, भंडारा जिल्हा

अध्यापक महोदयांनी ‘फेकणे’ म्हटले म्हणून लिहितो. इंग्रजीतील ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द मुळात शेतीतला आहे. मुठीने बी चहूकडे फेकून पेरणे हा त्याचा जुना अर्थ, रेडिओचा अर्थ मागाहून आला. आमच्याकडे या पद्धतीला ‘आवत्या’ म्हणतात. धानाची दुसरी पद्धत रोवणीची: आधी पऱ्हे (रोपे) टाकायचे, बांधीत (धानाच्या खाचरात) चिखल करायचा आणि एकेक रोप हाताने रोवायचे. आवत्याला मजूर कमी लागतात, पण बी अधिक लागते आणि कोणता दाणा कोठे पडला याचा हिशेब राहत नाही. रेडिओवरचे बोलणे हे आवत्या धान आहे. त्यात कमीपणा काही नाही, मात्र जो आवत्या करतो त्याने ‘रोवणी केली’ असे अहवालात लिहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर : निवृत्त निवेदिका, धरमपेठ

भंडाऱ्याच्या पत्रावरून आठवले की रेडिओवर रोवणीचाही प्रयोग होऊन गेला आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, कार्यक्रम लागे. मंडळी एकत्र बसून ऐकत, ऐकल्यावर चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत येत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले होते. अशा ठिकाणी ‘संवाद’ हा शब्द पूर्ण अर्थाने वापरता येतो. हल्ली एकतर्फी भाषणालाही सर्रास ‘संवाद साधला’ म्हणतात, ते मला मान्य नाही.

उत्तर : अनुवादक, वर्धा मार्ग

नागपुरात या चर्चेला आणखी एक पदर आहे, कारण येथील पुष्कळ श्रोते मराठी आणि हिंदी दोन्ही ऐकतात आणि नागपूर केंद्रावरून दोन्ही भाषांत कार्यक्रम होत आले आहेत. हिंदी कार्यक्रमपत्रिकेत ‘वार्ता’ म्हणजे तज्ज्ञाचे भाषण. मराठीत ‘वार्ता’ म्हणजे बातमी. याहून मोठा घोटाळा ‘संशोधन’ या शब्दाचा आहे. आपण ‘शुध्’ धातूवरून आलेला हा शब्द नवे ज्ञान शोधण्यासाठी वापरतो, तर हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती: घटनादुरुस्तीला तेथे ‘संविधान संशोधन’ म्हणतात. म्हणूनच आमच्या बाजूच्या कापूस संस्थेला मराठीत ‘केंद्रीय कापूस संशोधन संस्था’ म्हणतात आणि हिंदीत ‘केंद्रीय कपास अनुसंधान संस्थान’. अहवालाचा हिंदी अनुवाद होणार असेल तर त्यात ‘संशोधन’ तसेच ठेवू नये. नाहीतर बाईंनी संत्र्यात काहीतरी दुरुस्ती केली, असा समज होईल.

‘निवेदन केले’ असेही कोणी सुचवील म्हणून आधीच सांगतो. निवेदन ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूचे, अर्थही चांगला. पण डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरणाऱ्या या शहरात ‘निवेदन’ म्हटले की मोर्चा आणि मंत्र्यांना दिलेला कागद एवढेच डोळ्यांसमोर येते.

प्रश्नकर्तीचा खुलासा

सर्वांची आभारी आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी घडलेला एक प्रकार येथे सांगते, कारण त्याचा याच प्रश्नाशी संबंध आहे. माझ्या संहितेत ‘जलीय प्रतिबलाच्या स्थितीत पुष्पधारणेत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय वाढ आढळली’ असे वाक्य होते. निर्मात्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “ताई, म्हणजे ताण दिल्यावर फुले जास्त आली, असेच ना?” मी हो म्हटले. त्यांनी ‘लक्षणीय’वर बोट ठेवून विचारले, “म्हणजे किती? खूप?” तेथे मला पटकन उत्तर देता आले नाही, कारण ‘लक्षणीय’ म्हणजे खूप नव्हे. अखेर तो शब्द गाळला आणि ‘ताण दिल्यावर फुले जास्त आली’ एवढेच वाक्य राहिले. ते ऐकायला सोपे होते, पण प्रसारित झाल्यावर मला चुकल्यासारखे वाटत राहिले.

उत्तर : संख्याशास्त्राचे अध्यापक

वाटणे रास्त आहे. ‘लक्षणीय’चा अर्थ ‘प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर एवढा फरक दिसण्याची शक्यता फारच कमी होती’ असा आहे. फरक मोठा आहे की लहान, याबद्दल तो शब्द काहीही सांगत नाही. हे वाक्य रेडिओवर जड जाईल हे मला कबूल आहे, परंतु शब्द गाळायचा तर त्याच्या जागी ‘आम्ही पाहिलेल्या झाडांवर’ एवढी तरी मर्यादा घालायला हवी होती.

उत्तर : संत्रा बागायतदार, काटोल

‘जलीय प्रतिबल’ ऐकले असते तर मी रेडिओ बंद केला असता. ‘ताण देणे’ हा आमचा शब्द आहे, पण विद्यापीठाचा ताण आणि आमचा ताण यांत फरक आहे, तो ताईंनी लक्षात घ्यावा. पुस्तकात ताण झाडाला पडतो. आम्ही तो मुद्दाम देतो आणि वेळ आली की ओलीत करून तोडतो. आंबिया हा हिवाळ्याअखेरचा बहार, त्यासाठी हिवाळ्यात पाणी बंद करतात; मृग हा पावसाळ्याच्या आरंभीचा, त्यासाठी उन्हाळ्यात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहत असल्यामुळे दिवस अधिक लागतात. ‘ताण दिल्यावर फुले जास्त आली’ एवढेच ऐकून एखाद्याने हलक्या, मुरमाड जमिनीत भारी जमिनीइतके दिवस पाणी बंद ठेवले, तर फुले राहोत, पानगळ होऊन झाडच खंगेल. तेव्हा कोणती जमीन, किती वयाची झाडे आणि कोणता बहार हे तीन शब्द वाक्यात असते, तर वाक्य फारसे लांबले नसते.

उत्तर : निवृत्त निवेदिका, धरमपेठ

काटोलकरांनी दाखवलेली उणीव संपादनाची आहे, आणि त्या खुर्चीवर मीही बसले असल्यामुळे तिचा वाटा मी आमच्याकडे घेते. छापील मजकुरात मर्यादा कंसात लिहिता येते, तळटीप देता येते, वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. रेडिओवर कंस ऐकू येत नाही. म्हणून तेथे मर्यादा आधी आणि निष्कर्ष नंतर सांगावा लागतो: ‘काळ्या, भारी जमिनीतील दहा वर्षांपुढच्या झाडांना आम्ही आंबिया बहारासाठी ताण दिला, तेव्हा त्या झाडांवर फुले अधिक आली.’ (वयाचा आकडा मी उदाहरणासाठी घातला आहे.)

हे सगळे पाहता मला वाटते की नोंदीसाठी ‘निरूपण’ हा शब्द घ्यावा. रूप दाखवून देणे हा त्याचा अर्थ आहे, आणि कठीण गोष्ट सामान्य श्रोत्यांना उलगडून सांगण्याची जुनी मराठी रीत म्हणजे कीर्तनातले निरूपणच.

उत्तर : संस्कृतचे अध्यापक, महाल

शब्द सुंदर आहे, पण येथे बसत नाही. कीर्तनात अभंग संतांचा असतो आणि निरूपण बुवांचे असते. निरूपणकार दुसऱ्याचे वचन उलगडतो आणि ते वचन प्रमाण आहे हे दोघांनीही आधीच मानलेले असते. विद्यार्थिनी स्वतःच्याच अभंगाचे निरूपण करू लागली, तर तो अभंग प्रमाण आहे असे तिनेच गृहीत धरल्यासारखे होईल. उद्या एखाद्या निवेदिकेने तिचा प्रबंध वाचून तो श्रोत्यांना उलगडून सांगितला, तर त्याला मात्र निरूपण जरूर म्हणावे.

मी ‘मांडणे’ हे साधे क्रियापद सुचवतो. परिषदेत निबंध मांडतात, सभेत ठराव मांडतात, पाटीवर गणित मांडतात. मांडलेले अद्याप मान्य झालेले नसते. ते पुढे ठेवलेले असते आणि त्यावर बोलण्याचा समोरच्याचा हक्क शाबूत असतो.

उत्तर : संत्रा बागायतदार, काटोल

‘मांडणे’ पटले. कळमन्याच्या बाजारात आम्ही संत्र्यांचे ढीग मांडतो तेव्हा व्यापारी फळ हातात घेतो, दाबतो, एखादे सोलून पाहतो आणि मगच भाव बोलतो. मांडले की एवढे सोसावेच लागते.

उत्तर : अनुवादक, वर्धा मार्ग

एक दुरुस्ती सुचवतो. नुसते ‘संशोधन मांडले’ म्हटले, तर तज्ज्ञांच्या परिषदेत मांडले असे वाटेल. ‘श्रोत्यांपुढे’ हा शब्द जोडल्यास रेडिओही येईल आणि श्रोत्याचे स्थानही स्पष्ट होईल. हिंदी प्रतीत ‘श्रोताओं के समक्ष अपना शोधकार्य रखा’ असे चालेल.

प्रश्नकर्ती

सर्वांच्या सूचना एकत्र करून मी नोंद पुढीलप्रमाणे बदलली: ‘संत्र्याच्या आंबिया बहारासाठी दिल्या जाणाऱ्या ताणाविषयीचे आपले संशोधन आकाशवाणीवर श्रोत्यांपुढे मांडले, भाषण प्रसारित झाले.’ मार्गदर्शकांनी ती वाचून काही न खोडता सही केली. केंद्राकडे मी जमीन आणि झाडांचे वय यांचा उल्लेख असलेले सुधारित वाक्य पाठवले असून पुढील भागाच्या आरंभी ते वाचले जाईल असे कळवण्यात आले आहे. कार्यालयात कागद कालच गेला आहे. तक्त्यातील ज्या रकान्यात ही ओळ बसवली त्याचे छापील शीर्षक ‘प्रसिद्धी’ असे आहे, आणि ते बदलण्याचा अधिकार मला नाही.