रोज भरलेली गाडी असेल तर पाटाच वाढवा

दादा, तुम्ही विचारलंय की तासगावहून सांगलीला रोज दीड टन बेदाणा येतो, पिकअप मागून बसते, तर एअर बॅग (मागच्या स्प्रिंगला जोड म्हणून लावायची हवेची पिशवी) घालू की पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवू? वरच्या उत्तरांत बऱ्याच जणांनी एअर बॅग सांगितलीय. ती कधी भरलेली, कधी रिकामी फिरणाऱ्या गाडीला बरी. तुमची गाडी रोज भरलेलीच, म्हणून एक पाटा वाढवा. रिकामी येताना आदळेल, तेवढं चालवून घ्यायचं.

त्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, रिकामी असताना दोन्ही बाजूंनी. एक बाजू खाली निघाली तर पाटे बसलेत किंवा एखादा तुटलाय. जुन्याच पाट्यांना ठोकून कमान मारून घेऊ नका. मी हळदीच्या सीझनला मारून घेतली होती, दोन महिन्यांत गाडी पुन्हा खाली बसली! पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्या, चार-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. नुसते शॉकअप बदलून काही होत नाही, वजन ते पेलत नाहीत.

आणि कुणी बोललं नाही ते सांगतो. बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलवर दांडी असलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी किती बसलीय त्यावरून तो मागचं प्रेशर ठरवतो. पाटा वाढवून मागची बाजू उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्यांवर. खंबाटकीसारखा घाट उतरताना कळतं मग. ती दांडी सेट करूनच गॅरेजमधून निघा.

पासिंगचं, म्हणजे आरटीओनं मंजूर केलेलं वजन मात्र पाटा वाढवून वाढत नाही हां.