विषय: दादाचं ऑपरेशन आणि आपल्या तपासण्या

सप्रेम नमस्कार मंडळी,
अमेरिकेतून सोलापूरला आलोय, इथूनच तुम्हा तिकडच्या सगळ्यांना लिहितोय. दादाच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, आता घरी आहे. वय 48. शौचातून रक्त जात होतं, पण घरात सगळ्यांनी मूळव्याधच धरली आणि तो पुड्या घेत राहिला. हिमोग्लोबिन पार खाली आलं तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. पाहुण्यांना 'पोटाचं छोटं ऑपरेशन' एवढंच सांगितलंय. वहिनींना पुतणीच्या लग्नाची काळजी.
मी 43चा. अमेरिकेत तपासणी 45ला सुरू होते, म्हणजे मला अजून दोन वर्षं आहेत ना? आणि रोज ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसाला हे झालंच कसं?

———

अरे, दोन वर्षं अजिबात थांबू नकोस. पोटविकारतज्ज्ञ म्हणून सांगतेय. 45 हे वय घरात कुणालाच हा आजार नसलेल्यांसाठी. तेही 2021 साली 50वरून खाली आणलं. आई-वडील, सख्खी भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला झाला असेल, तर 40व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी 10 वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा. तुझी वेळ 38लाच झाली. परत आलास की कोलोनोस्कोपीच करून घे, शौचाच्या नमुन्याच्या चाचणीवर भागवू नकोस.

भाकरी सोडू नका. चोथ्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. दारू, तंबाखू, वाढलेलं वजन, दिवसभराची बैठक हे सगळं धोका वाढवतं. आणि इथल्या आयांनो, मुलांच्या डब्यातली सॉसेजं, बेकन कमी करा; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्येच प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलंय.

बहुतेक वेळा आधी आतड्याच्या आतल्या अस्तरावर छोटा पॉलिप, म्हणजे कोंबासारखी वाढ येते, त्याचा कॅन्सर व्हायला साधारण 10 वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला की तिथेच काढतात, म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच अडवता येतो. ही संधी दादाला मिळाली नाही याचं फार वाईट वाटतं.

वहिनींची काळजी कळते. गावभर सांगू नका, पण रक्ताच्या नात्यात लपवू नका. आत्या-काकांना विचार: आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कुणाला, कितव्या वर्षी?

———

ताई, काल बाळीवेशीत आत्याकडे गेलो. कडक भाकरी, शेंगाचटणी पुढ्यात ठेवून ती बराच वेळ गप्प होती. मग कपाटातून जुनी फाइल काढून दिली. तिची 'पिशवी काढली' एवढंच आम्हाला माहीत होतं. ती गर्भाशयाच्या कॅन्सरमुळे काढली होती, 47व्या वर्षी.

———

आत्यांचे उपकार आहेत तुम्हा सगळ्यांवर. त्या फाइलची झेरॉक्स दादाच्या डॉक्टरांना आजच दे. एकाच घरात हे दोन कॅन्सर पन्नाशीच्या आत झाले, की लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषाची शंका घ्यावीच लागते. दादाच्या गाठीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले तुकडे पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतील, त्यावर एमएमआर चाचणी (पेशींतली डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का ते बघणारी) सांगायला हवी. त्यात दोष दिसला तर पुढे दादाची रक्ताची जनुकीय चाचणी, आणि तिथेही सापडला तर तुझी आणि पुतणीची. दोष असलेल्यांची कोलोनोस्कोपी साधारण 20 ते 25व्या वर्षीच सुरू करतात, म्हणून पुतणीचं आधी बघा. वहिनींशी मी स्वतः बोलते, रविवारी तिकडच्या संध्याकाळी फोन जोडून दे.