रात्री ३ चा गजर कोणी लावायचा?

राजेंद्रनगरकर_आई (इंदूर)
मुलगा ९ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला टाइप १ मधुमेह निघाला. हा गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, मग इन्सुलिन जन्मभर बाहेरून द्यावं लागतं. हे आधीच सांगते, कारण पोहे-जिलबीच्या या गावात अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, "जिलबी फार खायचा का गं?"

रोजची चार इंजेक्शनं, बोटं टोचणं, पोळ्या मोजून वाढणं हे सगळं अंगवळणी पडलं. रात्र मात्र अंगवळणी पडत नाही. झोपेत साखर फार उतरली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ३ ला उठायचं, मोबाइलच्या उजेडात त्याचं बोट धरायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा. साखर ७० च्या खाली असली की त्याला उठवून साखरपाणी पाजायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचायचं. टोचताना तो आता जागाही होत नाही, झोपेतच हात पुढे करतो.

मागच्या पावसाळ्यात मला ताप चढला, त्या रात्री ह्यांनी सगळं केलं आणि नीट केलं. दुसऱ्या दिवसापासून गजर परत माझ्या उशाशी. ह्यांची पिथमपूरच्या कारखान्यात पाळी असते हे मान्य, पण रोज रात्रपाळी नसते.

माझं म्हणणं असं की आईची झोप हा उपचाराचाच भाग आहे. घरातल्या आणखी दोघांनी हे शिकावं, आठवड्यातल्या दोन रात्री घ्याव्यात. सासूबाई आणि नणंद म्हणतात, हे आईचंच काम, दुसऱ्याच्या हाती जीव कसा सोपवायचा? माझं चुकतंय का?

सुदामानगर_बाबा
तुमचा थकवा समजतो, तरी मी विरोधातच लिहिणार. आमची मुलगी ७ वर्षांची. अनंत चतुर्दशीला आम्ही दोघं गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) बघायला गेलो, तिला जवळच्या नातेवाइकांकडे ठेवून. आमच्याकडे दोन पेनं असतात, एक जेवणाआधीचं झटपट काम करणारं, दुसरं रात्रीचं, दिवसभर पुरणारं. त्यांनी रात्रीचे १० युनिट झटपटवाल्या पेनातून दिले. प्रेमाने, काळजीने दिले, पण साखर एकदम उतरली. पहाटेपर्यंत ती दवाखान्यात ग्लुकोजच्या सलाईनवर होती. त्यानंतर आम्ही दोघांनी एकत्र घर सोडलेलं नाही. झोप नंतर भरून काढता येते.

निवृत्त_सिस्टर
मी बालरुग्ण विभागात २६ वर्षं काढली. बाबा, तुमच्यावर जे गुदरलं ते वाचून पोटात गोळा आला. पण ती चूक परक्या हाताची नव्हती, न शिकवलेल्या हाताची होती. झोपेत असलेल्या आईच्या हातूनही हीच अदलाबदल होते, मी पाहिली आहे. रात्रीच्या पेनाला लाल चिकटपट्टी गुंडाळा. दोन्ही पेनं एका डब्यात ठेवू नका. टोचण्याआधी युनिट मोठ्याने म्हणायचे आणि वहीत लिहायचे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकॅगॉनचं (साखर झटकन वाढवणारं) इंजेक्शन घरात असेल तर ते द्यायचं आणि थेट दवाखाना. साखर उतरली तर किती चमचे साखर द्यायची, हे तुमच्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. एवढं शिकायला चार-पाच संध्याकाळी लागतात.

रामबाग_आजी
मी ७१ वर्षांची आहे. आमच्यासारख्यांबद्दल लिहिलंय म्हणून उत्तर देते. नाही म्हणणारी प्रत्येक सासू निष्ठुर नसते गं. माझा हात कापतो. नातवाला टोचताना सुई वाकडी गेली तर, या धसक्याने मी वर्षभर "ते तुझंच काम" म्हणत राहिले. भीती वाटते म्हणायची लाज वाटली. शेवटी सूनच एक दिवस मोसंबी आणि रिकामी सिरिंज घेऊन माझ्याजवळ बसली, मोसंबीवर टोचायचा सराव करून घ्यायला. आता दुपारचं मी बघते. रात्रीचं मात्र मला जमणार नाही आणि तुझ्या सासूकडूनही मागू नकोस. आधी बापाला उठव.

तिलकनगर_थॅलेसेमिया
विषयाला थोडं सोडून. आमच्या लेकराला थॅलेसेमिया आहे, शरीरात रक्तच नीट बनत नाही. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, दरवेळी अख्खा दिवस जातो. बायको सरकारी नोकरीत आहे, तिला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा तरी आहे. मी खासगीत, माझा पगार कापला जातो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल असे रक्ताचे आजार आहेत, टाइप १ नाही. म्हणजे तुमच्या हाती प्रमाणपत्र नाही, त्यावर मिळणारी आयकरातली सूटही नाही. सासू-नणंदेशी भांडण्यापेक्षा हे मागा.

सुदामानगर_बाबा
मागू की. पण कायदा काही ३ वाजता उठत नाही.

मोठी_बहीण
एकच सांगते. "आणखी दोघं" मोजताना मोठ्या भावंडाला त्यात धरू नका. माझ्या भावाला फिट यायच्या. मी ११ वर्षांची असल्यापासून त्याच्या खोलीत झोपायचे, त्याचा श्वास ऐकत. सगळे म्हणायचे, किती शहाणी मुलगी. आज मी ३४ ची आहे, अजून शेजारी कोणी कुशीवर वळलं की उठून बसते.

राजेंद्रनगरकर_आई (इंदूर)
ताई, तुमचं वाचून लेकीची गादी परत तिच्या खोलीत नेली. ती १३ ची आहे. "मला जाग येतेच, मी बघते" म्हणायची आणि मी हो म्हणायला लागले होते.

आजी, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी फळवाल्याकडून मोसंबी आणली, दोन.

बाबा, लाल पट्टी लावली. तुमची भीती खोटी नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस मी घरातच राहणार आहे, फक्त उठणार नाही. शनिवार-रविवारचा गजर ह्यांच्या फोनवर गेला. परवा ३ वाजता मला जाग आलीच. डोळे मिटून पडून राहिले. यंत्र टुणकन वाजलं, मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला आणि हे हळूच म्हणाले, "११८ आहे. झोप."

सुदामानगर_बाबा
माझं मत अजून तेच आहे. पण सिस्टर, ते पेन वेगवेगळ्या डब्यात ठेवायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. फ्रिजवरच्या कागदात आणखी काय काय लिहायचं, सांगाल?